धुऱ्यातला कोळसा अन् लॅबची तारीख: रेडिओकार्बन डेटिंग पायरीपायरीनं

मागच्या उन्हाळ्यात आमच्या बाजूच्या गावात एकानं शेततळ्यासाठी जेसीबी लावला. वावर रिठाला लागून, म्हणजे कागदावर गाव आहे पण माणूस एकही राहत नाही अशा उठलेल्या गावाच्या जागेला लागून, त्यामुळे टोंगळाभर काळी माती निघाल्यावर खाली राखडी पांढरट थर लागला अन् त्यात खापरं, हाडांचे तुकडे, कोळसा. तासाभरात फोटो सगळ्या ग्रुपवर फिरले, "पाच हजार वर्षं जुनी संस्कृती सापडली", अन् संध्याकाळी मला फोन, "सर, तुम्ही हेच शिकवता न, तो कोळसा कार्बन डेटिंगले पाठवून द्या, वय निघून जाईन." कोळसा भाऊनं आधीच वेचून, पेपरात गुंडाळून, वर कापूस लावून ठेवला होता. जपून ठेवला म्हणे.

त्या कोळशाचं काहीच करता येत नव्हतं. का नव्हतं ते सांगायला हा लेख लिहून राहिलो, कारण असे फोन वर्षातून दोनतीनदा येतात अन् कॉलेजातले पोट्टेसुद्धा एमएला येईपर्यंत असंच समजतात की डेटिंग म्हणजे लॅबमधली मशीन, इकडून वस्तू टाकली की तिकडून वय बाहेर. खरी तारीख अर्धीअधिक वावरातच ठरते, कोळसा हाताला लागतो त्या दहा मिनिटांत. मशीन फक्त मोजते.

आधी, मशीन मोजते काय

हवेच्या वरच्या थरात अंतराळातून येणारे कॉस्मिक किरण आदळतात, त्यातून न्यूट्रॉन सुटतात, ते नायट्रोजनला धडकतात अन् कार्बन-१४ तयार होतो. साधा कार्बन म्हणजे कार्बन-१२, तो जवळपास ९९ टक्के, कार्बन-१३ साधारण १ टक्का, अन् हा १४ वाला अब्जांमागेही नाही तर साधारण एक लाख कोटी अणूंमागे एक. तो हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये मिसळतो, झाडं तो घेतात, गुरं झाडं खातात, आपण दोन्ही खातो. म्हणून जिवंत आहे तोपर्यंत सगळ्यांच्या अंगात हे प्रमाण हवेसारखंच राहतं.

गळका रांजण डोळ्यापुढे आणा. खालून गळून राहिला पण रोज कोणी वरून भरते, म्हणून पाण्याची पातळी तीच. भरणारा बंद झाला की पातळी खाली जाते, अन् पाणी कमी झालं की गळतीही मंदावते. झाड तोडलं, दाणा पिकून कणसातून सुटला, बैल मेला, की भरणं बंद. मग दर ५७३० वर्षांनी उरलेल्याचं अर्धं. ताज्या एका ग्रॅम कार्बनमध्ये मिनिटाला साधारण साडेतेरा अणू फुटतात, ५७३० वर्षांनी पावणेसात फुटतील. हे १९४० च्या दशकाच्या शेवटी शिकागोत विलार्ड लिबी यांनी दाखवून दिलं अन् १९६० मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. साधारण ५० हजार वर्षांनंतर रांजणात मोजण्यासारखं काही उरतच नाही, तिथे ही पद्धत संपते.

यातून दोन गोष्टी निघतात अन् त्या वहीत लिहूनच ठेवा. एक, ज्यात कधी जीव नव्हता त्याचं वय यातून निघत नाही. दगड, नाणं, सोनं, दगडाची किंवा धातूची मूर्ती, यातलं काहीच नाही. नागपूरजवळ जुनापाणीला जी शेकड्यानं शिळावर्तुळं (मोठे दगड गोल मांडून केलेली जुनी दफनं) आहेत, ज्यांच्यात १८६० च्या दशकातच रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्यानं खणलं होतं, ती वर्तुळं किती जुनी हे दगडाला विचारलं तर तो बेसाल्ट म्हणेल साडेसहा कोटी वर्षं. वर्तुळाच्या पोटात कोळसा किंवा हाड सापडलं तरच काही बोलता येतं. चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्याला डायनोसोरची हाडं मिळतात, तिथेही कार्बन-१४ चा काही उपयोग नाही, फार म्हणजे फारच जुनं आहे ते.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. मशीन "ही वस्ती कधीची" हे सांगत नाही, "हे झाड कार्बन घ्यायचं कधी थांबलं" एवढंच सांगते. वस्ती अन् झाड यांचा संबंध तुम्हाला लावायचा असतो, अन् तो कागदावर दाखवायचाही असतो.

पायरी पहिली: हात लावू नका, फोन लावा

रिठात, पांढरीच्या टेकाडात, शिळावर्तुळात आपल्या मनानं खणायचं नाही. जागा संरक्षित असेल तर १९५८ च्या कायद्यानं गुन्हा आहे, अन् जमिनीत गाडलेलं दहा रुपयांच्या वरचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवायचं हा १८७८ चा कायदा अजून चालू आहे (दहा रुपये! तेव्हाचे). खणायचं लायसन संस्थेला मिळते, तुम्हाआम्हाला नाही.

पण शेततळं, विहीर, रस्त्याची मुरूम-खदान, नदीची दरड, यात आपोआप उघडा पडलेला थर ही वेगळी गोष्ट. तिथे तुमचं काम असं. काम थांबवता आलं तर थांबवा. मोबाईलनं फोटो काढा, पण नुसत्या खापराचे क्लोजअप नको, पूर्ण कडा दिसली पाहिजे, बाजूला फावडं किंवा टेप उभा ठेवून. लोकेशन सेव्ह करा. मग नागपूरला राज्य पुरातत्त्व विभागाचं ऑफिस आहे, केंद्राच्या पुरातत्त्व सर्वेक्षणाचं ऑफिस आहे, विद्यापीठाचा प्राचीन भारतीय इतिहास व पुरातत्त्व विभाग आहे, यांपैकी कोणाला तरी लेखी कळवा. तलाठ्यालाही सांगून ठेवा. लोक म्हणतात कळवलं की जमीन जाते. प्रत्येक खापरासाठी जमीन जात असती तं अर्ध्या विदर्भात पेरणी झाली नसती.

इथून पुढचं सगळं त्यांच्यासाठी जे एखाद्या रीतसर उत्खननावर विद्यार्थी म्हणून, मदतनीस म्हणून जाणार आहेत, किंवा ज्यांना तज्ज्ञ येईपर्यंत बाजूला उभं राहून नीट पाहायचं आहे.

पायरी दुसरी: प्रश्न आधी, कोळसा नंतर

वहीत एक वाक्य लिहा: मला कशाची तारीख पाहिजे? "या चुलीत शेवटचा जाळ कधी झाला." "ही भट्टी कधी चालली." "हे घर कधी जळलं." वाक्य जमत नसेल तर सॅम्पल घेऊच नका, पैसे वाया.

पारशिवनीजवळ पेंच नदीवर नायकुंडला १९७८ ते १९८० मध्ये डॉ. शां. भा. देव यांच्या उत्खननात लोखंड गाळायची भट्टी सापडली. आता समजा तुम्ही तिथे आहात. भट्टीच्या तोंडातला, लोखंडाच्या मळीत अडकलेला कोळसा म्हणजे भट्टी पेटली त्याच दिवसाचा साक्षीदार. भट्टीपासून चार हातावर मातीत पडलेला कोळसा कोणाचाही असू शकतो, भट्टीच्या आधीचा, नंतरचा, कोणाच्या हुरड्याच्या आगटीचा. दिसायला दोन्ही सारखेच काळे.

पायरी तिसरी: कोणतं सॅम्पल घ्यायचं

इथे जरा थांबून वाचा, सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

जळालेले दाणे सगळ्यात भारी. ज्वारी, तांदूळ, जव, कुळीथ, लाखोळी, बोराच्या आठोळ्या. एका हंगामात पिकतात अन् थोड्याच दिवसांत खाल्ले किंवा जळाले जातात, म्हणून दाण्याची तारीख म्हणजे जवळपास त्या चुलीचीच तारीख. अॅक्सिलरेटर पद्धत १९७७ नंतर आली, ती अणू फुटण्याची वाट पाहत नाही, सरळ अणूच मोजते, म्हणून तिला काही मिलिग्रॅममध्ये भागते, एक जळका दाणाही चालून जातो. आधीच्या मोजणीला ग्रॅममध्ये कोळसा लागायचा, त्यामुळे लोक दहा जागचे तुकडे एकत्र करून पाठवायचे अन् दहा जागची सरासरी तारीख यायची.

लाकडाचा कोळसा मिळतो भरपूर पण त्यात एक फसगत आहे. झाडाचं नवीन लाकूड फक्त सालीखाली बनते, गाभ्यातलं वलय केव्हाच कार्बन घ्यायचं थांबलेलं असते. दीडशे वर्षांचा साग तोडला तर गाभा तोडण्याच्या दिवशीच दीडशे वर्षं "जुना" निघेल. अन् आपल्याकडे सागवान कोण फेकते? आजोबाच्या वाड्याचे खांब नातवाच्या घरात, नातवाच्या घरातले गोठ्यात, अन् गोठा जळाला तेव्हा त्याचा कोळसा झाला. तारीख येणार आजोबाच्याही आधीची. म्हणून लाकूडच घ्यायचं तर बारीक काड्या, फांद्या, साल लागून असलेला तुकडा घ्या, अन् पाठवायच्या आधी वनस्पतीच्या जाणकाराकडून सूक्ष्मदर्शकाखाली ओळखून घ्या की साग आहे का बाभूळ का पऱ्हाटीसारखी झुडपी काडी.

हाडाचं वय त्यातल्या कोलॅजन नावाच्या प्रथिनावरून काढतात, अन् आपल्या ४५-४६ च्या उन्हात अन् मग पावसाच्या चिखलात वर्षानुवर्षं भिजून-वाळून ते बरेचदा उरतच नाही. नागपूरजवळच्या माहुरझरीला शिळावर्तुळांमध्ये माणसांसोबत घोडे पुरलेले सापडले, तांब्याच्या साजासकट, अशा ठिकाणी हाडाची तारीख मिळाली तर सोन्याहून पिवळं कारण घोडा तिथे मुद्दाम पुरला आहे, उडत आलेला नाही. पण आधी थोड्या हाडात कोलॅजन आहे का हे तपासून घ्या, नाही तं पूर्ण हाड जाळून हाती शून्य.

नदीचे शिंपले, गोगलगायी, चुनखडीचे खडे, हे शक्यतो टाळा. चुनखडीतला जुना, मेलेला कार्बन पाण्यात विरघळतो अन् शिंपल्यात जाऊन बसतो, कालचा शिंपला शेकडो वर्षं म्हातारा दिसू शकतो.

पायरी चौथी: काळी माती अन् तिच्या भेगा

पुस्तकांत थर म्हणजे वर नवीन, खाली जुनं, एकदम वहीच्या पानासारखं. ते पुस्तक लिहिणारा चैत्र-वैशाखात आपल्या वावरात आला नसेल. काळी माती तापली की तिला पाय जाईल अशा भेगा पडतात, हातभर नाही, कधी पुरुषाच्या छातीपर्यंत. वरचा दाणा, पऱ्हाट्या जाळल्याची राख, गेल्या वर्षीचा कोळसा, सगळं त्या भेगेतून खाली घसरते अन् पाऊस पडला की माती फुगून भेग मिटून जाते, वरून काहीच कळत नाही. त्यात घुशी, उंदीर, वाळवी, बाभळीची मुळं. म्हणून दोन हजार वर्षांच्या थरात मागच्या पिढीचा ज्वारीचा दाणा सापडू शकतो, अन् मी एकदा असा पाहिला आहे, हातात घेतल्यावर खूप आनंद झाला होता, तारीख आली तेव्हा तो आमच्या आबाजीच्या जमान्यातला निघाला.

उपाय असा की भेगेच्या रंगाचा उभा पट्टा दिसतो का ते कडा साफ करून, थोडं पाणी शिंपडून पाहायचं, सकाळच्या तिरप्या उन्हात जास्त दिसते. सॅम्पल बंद जागेतून घ्यायचं: लिंपलेल्या चुलीच्या आतून, पडलेल्या भिंतीखालून, तोंड बंद असलेल्या मडक्यातून, टणक जमिनीच्या दोन थरांच्या मधून. मोकळ्या मातीतला एकटा दाणा कितीही सुंदर असो, त्याच्यावर पूर्ण गावाचं वय टांगू नका.

पायरी पाचवी: उचलायचं कसं

सॅम्पल काढताना बिडी-सिगारेट बंद, अगरबत्ती बंद, बाजूला चहाची चूल नको. ती राख आजची आहे. हातानं धरायचं नाही, स्वच्छ चिमटा किंवा करणीचं टोक वापरायचं. पोळ्या बांधायची अॅल्युमिनियमची फॉइल असते न, ती उत्तम, त्यात गुंडाळून वरून झिपवाली पिशवी. कापूस, टिश्यू, पेपर, कापड यात कधीच नाही, कारण ते सगळं झाडापासूनच बनलेलं आहे अन् त्याचे तंतू चिकटतात. सुरुवातीला ज्या भाऊची गोष्ट सांगितली त्याच्या सॅम्पलचं हेच झालं होतं, वरून जागा कोणती हे त्यालाही आठवत नव्हतं, जेसीबीच्या ढिगाऱ्यातून उचललं होतं.

ओलं असेल तर सावलीत वाळवा, स्वच्छ फॉइलवर, वरून झाकून. ओलं बंद केलं तर बुरशी येते अन् बुरशी हवेतला नाही तरी आजचाच कार्बन घेऊन येते. मी शिकत होतो तेव्हा माझ्या हातून एक पूर्ण डबा असा गेला, पावसाळाभर कपाटात राहिला, उघडला तेव्हा पांढरी लव. सर काहीच बोलले नाही, फक्त डबा माझ्या टेबलावर ठेवून गेले. डिंक, फेव्हिकॉल, हाड टिकवायचे लेप, कीटकनाशक, काही लावायचं नाही, अन् साबणानं धुवायचं तर अजिबातच नाही.

चिठ्ठी पिशवीच्या आत कोळशासोबत टाकायची नाही, कागदच आहे तो. दोन पिशव्या, चिठ्ठी मधल्या जागेत. तिच्यावर जागा, खड्डा, थर, वरून किती सेंटिमीटर, तारीख, कोणी काढलं, अन् एक ओळ कशाच्या संगतीत सापडलं. वहीत चित्र, फोटोचा नंबर. अर्धं सॅम्पल नेहमी मागे ठेवा.

पायरी सहावी: पाठवायचं कुठे

आपल्या देशात हे काम १९६० च्या दशकात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सुरू झालं, मग ती मंडळी अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत गेली, म्हणून जुन्या रिपोर्टात तारखेच्या आधी "टीएफ" अन् नंतरच्यांत "पीआरएल" असं दिसते. लखनऊच्या बिरबल साहनी संस्थेची तारीख "बीएस" नं सुरू होते. दिल्लीच्या इंटर युनिव्हर्सिटी अॅक्सिलरेटर सेंटरमध्ये अॅक्सिलरेटरवाली सोय आहे, अहमदाबादलाही आहे. एकट्यानं पाठवण्यापेक्षा विद्यापीठातल्या गाइडमार्फत जा, फॉर्म त्यांच्या सहीनं जातो अन् फॉर्ममध्ये जे विचारतात (कोणतं झाड, कोणता थर, अंदाजे काळ, काही लेप लावला का) ते खरं भरा. अंदाजे काळ सांगितला तर लॅब आपल्याला पाहिजे तसा आकडा देईल असं काही नसते, त्यांना फक्त सॅम्पल कोणत्या रांगेत लावायचं ते कळते.

लॅबमध्ये आधी मुळं-माती वेचतात, मग सॅम्पल आम्लात धुतात की चुना निघावा, मग अल्कलीत की मातीतलं ह्युमिक आम्ल निघावं, मग पुन्हा आम्लात. उरलेलं जाळून कार्बन डायऑक्साइड करतात, त्याचं लोखंडाच्या भुकटीवर ग्रॅफाइट बनवतात अन् ते मशीनमध्ये. सोबत दोन ओळखीचे नमुने चालतात, एक ठरलेलं ऑक्झॅलिक आम्ल ज्याचं प्रमाण माहीत आहे, दुसरा दगडी कोळशासारखा काहीतरी ज्यात कार्बन-१४ शून्यच पाहिजे. तिथे शून्याच्या वर जे दिसते ती लॅबची स्वतःची घाण, ती वजा करतात.

दगडी कोळशाचं नाव निघालं तर वणी, चंद्रपूर, उमरेडकडच्यांनी कान द्या. गोंडवानी कोळसा कोट्यवधी वर्षांचा, त्यात कार्बन-१४ नाहीच. तुमच्या सॅम्पलमध्ये त्याची १ टक्का भुकटी मिसळली तर तारीख ८० वर्षांनी जुनी होते, ५ टक्के मिसळली तर ४०० च्या वर, अन् आम्ल-अल्कलीच्या धुण्यात तो पूर्ण निघत नाही कारण तोही कोळसाच. उलट आजचा कार्बन १ टक्का मिसळला तर अडीच हजार वर्षांच्या वस्तूला साधारण ३० वर्षांचाच धक्का बसतो, पण ज्यात कार्बन-१४ काहीच उरलं नाही अशा वस्तूला तोच १ टक्का ३७ हजार वर्षांची करून टाकतो. म्हणून ३०-४० हजारांच्या तारखा वाचताना भुवई वर गेली पाहिजे.

अजून एक आपल्या कामाची गोष्ट. ज्वारी अन् तांदूळ हवेतून कार्बन वेगवेगळ्या रीतीनं घेतात, ज्वारीत जड कार्बन-१३ थोडा जास्त असते, अन् त्याच हिशोबानं १४ सुद्धा. ही दुरुस्ती केली नाही तर एकाच चुलीतले ज्वारी अन् तांदूळ साधारण २०० वर्षांनी वेगळे दिसतील, ज्वारी तरुण. लॅब ही दुरुस्ती करतेच, पण रिपोर्टात कार्बन-१३ चा आकडा आहे का ते पाहा, नसेल तर विचारा.

पायरी सातवी: रिपोर्ट आला, आता वाचा

समजा रिपोर्टात लिहून आलं की आजच्या मानानं ०.७४ भाग उरला. मोबाईलच्या सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर ०.७४ टाकून एलएन (ln) चं बटण दाबा, उणे ०.३०११ येते, त्याला उणे ८०३३ नं गुणा, झाले २४१९. रिपोर्ट म्हणेल २४१९ ± ३० बीपी. ८०३३ कुठून आला तर लिबींच्या जुन्या ५५६८ वर्षांच्या अर्धायुष्यातून. नंतर ५७३० हा जास्त बरोबर आकडा मिळाला तरी जुने-नवे रिपोर्ट जुळावे म्हणून सगळं जग जुनाच वापरते, पुढच्या दुरुस्तीत फरक निघून जातो. बीपी म्हणजे १९५० च्या आधी, आजच्या आधी नाही. अन् ± ३० म्हणजे "नक्की या साठ वर्षांत" असंही नाही, तशी शक्यता साधारण ६८ टक्के.

आता पेपरवाले काय करतात, २४१९ मधून १९५० वजा करतात अन् छापतात इ.स.पू. ४६९. चूक. हवेतलं कार्बन-१४ कायम सारखं नव्हतं, सूर्य अन् पृथ्वीचं चुंबकत्व बदललं की तेही बदलते, म्हणून झाडांची वलयं एकेक मोजून, त्याच्या मागे सरोवरांचे गाळ, गुहेतले चुनखडी स्तंभ, पोवळी वापरून एक वक्र बनवला आहे, आता चालू आहे तो २०२० चा इंटकॅल२०, ५५ हजार वर्षांपर्यंत जातो. ऑक्सकॅल किंवा कॅलिब नावाचे प्रोग्राम फुकट मिळतात, त्यात आकडा अन् चूक टाकली की कॅलेंडरची तारीख निघते.

टाकून पाहा २४१९ ± ३०. उत्तर येते ढोबळ मानानं इ.स.पू. ७५० ते ४००. साडेतीनशे वर्षं! लॅबनं तीस वर्षांची चूक सांगितली अन् हाती आली ही एवढी लांबी. कारण इ.स.पू. ८०० ते ४०० मध्ये तो वक्र सपाट पडलेला आहे, त्या चारशे वर्षांतलं काहीही मोजा, २४००-२५०० च्याच आसपास आकडे येतात.

अन् आपलं नशीब पाहा, विदर्भातली शिळावर्तुळं, पहिलं लोखंड, घोडे, माहुरझरी, टाकळघाट-खापा, नायकुंड, यातलं बरंचसं नेमकं त्याच इ.स.पू. पहिल्या सहस्रकात येऊन बसते. त्यामुळे कोणी एका तारखेवर "आमचं गाव अमक्या गावापेक्षा शंभर वर्षं जुनं" असं सांगून राहिला असेल तर त्याला रिपोर्ट मागा, बहुतेक वेळा दोन्ही तारखा त्याच सपाटीवर लोळून राहिलेल्या असतात. अशा वेळी मशीन कितीही महाग असो, मोजणी कितीही बारीक असो, एका तारखेनं काम होत नाही.

मार्ग दोन आहेत. एक, एकावर एक असलेल्या पाचसहा थरांमधून दाणे घ्या, प्रत्येकाची तारीख काढा, अन् ऑक्सकॅलला सांगा की हा खाली आहे म्हणजे आधीचा, हा वर म्हणजे नंतरचा. प्रोग्राम सगळ्यांना एकमेकांत अडकवून पट्टा बारीक करतो. दुसरा, जळालेला सागाचा खांब अखंड सापडला तर त्याची वलयं मोजा, सागाला वर्षाला वलय पडते, मग बाहेरून आत ठरावीक अंतरानं तीनचार सॅम्पल पाठवा. प्रत्येकात किती वर्षांचं अंतर हे आपल्याला माहीतच असते, म्हणून त्या चार आकड्यांची नक्षी वक्राच्या चढउतारावर सरकवत बसवता येते. दोन्ही मार्गांत खणतानाच विचार लागतो, नंतर गोदामात बसून थर वर-खाली कोणता होता हे आठवत नाही.

गाळ, तलाव अन् धूर

पुरातत्त्वासोबत पर्यावरणवालेही हीच पद्धत वापरतात अन् त्याचं सगळ्यात मस्त उदाहरण आपल्या बुलढाण्यात आहे, लोणार. विवर किती जुनं हे कार्बननं कळत नाही. आधी थर्मोल्युमिनेसन्सनं (खनिज शेवटचं तापलं केव्हा ते त्यात साठलेल्या उजेडावरून काढायची पद्धत) ५२ हजार वर्षं आलं होतं, २०११ मध्ये आर्गॉन पद्धतीनं ५ लाख ७० हजार आलं. पण तळ्याच्या तळाशी दरवर्षी साचत आलेला गाळ, त्यात पडलेली पानं-काड्या, हे मात्र कार्बन-१४ च्या टप्प्यात आहे. तिथे सुमारे १० मीटर लांबीचा गाळाचा गाभा काढून साधारण गेल्या ११ हजार वर्षांचा पावसाचा इतिहास मांडला, २०१४ मध्ये छापून आला. त्यात ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वी अन् पुन्हा २००० ते ६०० वर्षांपूर्वी पाऊस लांबकाळ कमजोर होता असं दिसते, पाणी आटल्यावर बनणारे गेलुसाइटचे स्फटिक गाळात आहेत. दुसरा टप्पा म्हणजे वाकाटक त्यातच येतात, यादवही. रामटेकजवळ मनसरला वीटबांधणी चालू असताना पाऊस कसा होता हा प्रश्न त्यामुळे आता विचारता तरी येतो.

तळ्यात काम करणाऱ्यानं एक पथ्य पाळायचं. लोणारसारख्या खाऱ्या-सोड्याच्या पाण्यात जुना कार्बन विरघळलेला असतो, शेवाळ तो खाते अन् म्हातारं दिसते. म्हणून गाळातून काठावरच्या झाडाचं पान, बी, काडी वेचून तीच पाठवायची, अन् आजच्या पाण्यातल्या शेवाळाचंही एक मोजून ठेवायचं म्हणजे किती वर्षांचा फरक पडतो ते कळते.

भंडारा-गोंदियाकडचे पोट्टे विचारतात मामा (माजी मालगुजारी) तलावांचा गाळ काढून तलाव केव्हाचा ते सांगता येईल का. तिथे अडचण आहे. साधारण १६५० ते १९५० मध्ये वक्र असा वरखाली होते की एका मोजणीला तीनचार वेगवेगळी उत्तरं मिळतात. तीच गत रिद्धपूरकडच्या महानुभावांच्या जुन्या पोथ्यांची, शिवाय तिथे तारीख कागदाची येते, लिहिल्याची नाही. तलावाच्या वरच्या गाळाला शिसं-२१० वापरतात, त्याचं अर्धायुष्य २२ वर्षं, शंभर-सव्वाशे वर्षांचा हिशोब लागतो, पाळीच्या पोटातला खालचा गाळ असेल तर कार्बन. दोन्ही मिळून काहीतरी हाती लागते.

१९५० नंतरचं मात्र उलट सोपं आहे. अणुबॉम्बच्या चाचण्यांनी उत्तर गोलार्धाच्या हवेतलं कार्बन-१४ १९६३-६४ पर्यंत जवळपास दुप्पट झालं अन् मग उतरत गेलं, तो चढउतार वर्षावर्षानं माहीत आहे. "चारशे वर्षं जुनी" म्हणून विकायला आणलेल्या लाकडी मूर्तीत हे बॉम्बचं कार्बन सापडलं की विषय संपला, झाड १९५५ नंतर जिवंत होतं. हस्तिदंत कधीचा हेही असंच पकडतात.

अन् धूर. कोळसा-डिझेलच्या धुरात कार्बन-१४ शून्य, पऱ्हाट्या-गोवऱ्या-लाकडाच्या धुरात ताजं. हवेतली काजळी फिल्टरवर पकडून मोजली की कोणाचा वाटा किती ते निघते. २००९ मध्ये छापून आलेल्या कामात सिंहगडावर अन् मालदीवमध्ये पकडलेल्या काजळीवरून हिवाळ्यातल्या दक्षिण आशियाच्या कार्बनी धुरात साधारण दोन तृतीयांश वाटा जैविक जळणाचा निघाला. चंद्रपुरात एका बाजूला थर्मल पॉवर, दुसऱ्या बाजूला धुऱ्यावर पेटलेली पऱ्हाटी, अशा ठिकाणी कोणत्याही एमएस्सीच्या पोरानं हा विषय घ्यावा.

शेततळ्याचं म्हणाल तर कडा अजून उघडी आहे. चुलीचा लाल झालेला अर्धगोल स्पष्ट दिसतो, त्याच्या पोटात काळं आहे, तिथे कोणी हात लावलेला नाही. पत्र गेलं आहे. तोपर्यंत मी भाऊला सांगून कडेला ताडपत्री लावली, वर तुऱ्हाट्या टाकल्या, अन् बकऱ्या तिकडे सोडू नको म्हटलं.